सरकलेला काठ

बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूतील लग्नकार्यांत अलीकडे मंगल कार्यालयाच्या एका कोपऱ्यात फोटो बूथ मांडलेला दिसतो. पाठीमागे फुलांचा किंवा झगमगीत कापडाचा पडदा, समोर तिवईवर कॅमेरा, बाजूच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेला एक बसकट प्रिंटर, एवढाच त्याचा संसार. पाहुणे पडद्यापुढे उभे राहतात, कागदी मिशा आणि चष्मे लावून हसून घेतात आणि मिनिटभराच्या आत दोन इंच रुंद व सहा इंच लांब अशा दोन पट्ट्या प्रिंटरमधून बाहेर पडतात. प्रत्येक पट्टीवर एकाखाली एक तीन-चार छायाचित्रे आणि तळाशी वधूवरांची नावे व तारीख. एक पट्टी पाहुण्याच्या खिशात जाते. दुसरी एका वहीत चिकटवून तिच्या शेजारी पाहुणा आशीर्वादाचे चार शब्द लिहितो. ख्रिस्ती कुटुंबांतील विवाहभोजनांत आणि मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभांतही ही हौस आता शिरली आहे.

पट्टी हाती पडताच जो तो आधी स्वतःचा चेहरा पाहतो. काठाकडे कोणी पाहत नाही. काठाकडे लक्ष जाते ते दुसऱ्या दिवशी, घरची मंडळी वही उघडून बसली म्हणजे. तेव्हा दिसते की, पानोपानी चिकटवलेल्या पट्ट्यांचा एक काठ रुंद आणि दुसरा चिंचोळा आहे. कोठे सोनेरी रेघ एका बाजूला ठळक आहे, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम उरली आहे. कोठे नावाचे शेवटचे अक्षर अगदी कडेला जाऊन टेकले आहे. कोल्हापूर, गोवा, मुंबई येथून आलेले पाहुणे तोवर आपापल्या गावी परतलेले असतात. वाटून झालेल्या पट्ट्या गोळा करून पुन्हा छापणे शक्य नसते. बूथवाल्या तरुणाचे उरलेले पैसे मात्र अद्याप यजमानाकडेच असतात, आणि तो हिशेब ही वही पुढ्यात ठेवूनच होतो.

ज्या भागात शहापूरच्या हातमागावरच्या साड्या पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या गेल्या, तेथील बायकांच्या नजरेतून काठाचा फरक सुटावा, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

या पट्टीचा जन्म मात्र आपल्याकडचा नव्हे. सायबेरियातील ओम्स्क येथे जन्मलेल्या अनातोल जोसेफो याने १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपले स्वयंचलित छायाचित्रयंत्र मांडले. पंचवीस सेंटांत आठ छायाचित्रांची पट्टी मिळे. लोकांनी त्या दुकानापुढे रांगा लावल्या आणि १९२७ साली त्या यंत्राचे अमेरिकेतील हक्क दहा लाख डॉलरांना विकले गेले. त्या यंत्रात नेगेटिव्ह नव्हती. प्रकाश थेट कागदाच्या पट्टीवर पडे, ती पट्टी रसायनांतून फिरे आणि ओलसरच बाहेर येई. म्हणजे पट्टी मुळापासून पट्टीच होती. आजची पट्टी तशी नाही. ती चार इंच बाय सहा इंच कागदाचा अर्धा भाग असते. तिचा काठ का सरकतो, याचे सारे उत्तर या एका गोष्टीत दडलेले आहे.

मंगल कार्यालयांतून वापरले जाणारे हे प्रिंटर बहुधा शाईचे नसतात. त्यांत रंगाची एक लांब रिबन असते. तिच्यावर पिवळा, किरमिजी व निळा असे तीन रंग आणि शेवटी एक पारदर्शक संरक्षक थर, असे तुकडे ओळीने येतात. उष्णतेच्या एका रुंद पट्ट्याखालून कागद चार वेळा पुढेमागे जातो आणि दर खेपेला एकेक थर त्याच्यावर उतरतो. त्यानंतर आतली सुरी कागद कापते. छपाई चांगली होवो वा वाईट, रिबनचा तेवढा तुकडा कायमचा खर्ची पडतो. चारशे किंवा सातशे प्रतींचा रोल घातला, तर चारशे किंवा सातशेच प्रती निघणार. चुकलेली प्रतही त्यांतच मोजली जाते.

आता हिशेबाकडे वळू. या यंत्रांत एका इंचात ३०० बिंदू, म्हणजे पिक्सेल, बसतात. त्या मानाने चार बाय सहा इंचांच्या कागदाला १२०० बाय १८०० बिंदूंचे चित्र पुरेसे व्हावे. प्रत्यक्षात, या धंद्यात पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या एका जपानी बनावटीच्या प्रिंटरला १२४० बाय १८४४ बिंदूंचे चित्र लागते. जास्तीचे बिंदू कागदाच्या कडेबाहेर जातात. काही भाग कापला जाऊन कात्रणांच्या खणात पडतो, काही कागदावर उमटतच नाही. ही उधळपट्टी हेतुपुरस्सर असते. कागद यंत्रातून धावताना केसभर इकडेतिकडे होतोच. चित्र जर बरोबर कागदाएवढेच असेल, तर अशा वेळी एका कडेला पांढऱ्या दोऱ्यासारखी कोरी रेघ राहील. ती राहू नये म्हणून चित्र चहूबाजूंनी थोडे मोठे छापायचे. छापखान्यात याला ब्लीड म्हणतात. शिंपी शिवणीसाठी कापड जास्त सोडतो, त्याला तो ‘माया’ म्हणतो. हीदेखील तशी मायाच होय.

पूर्ण कागदाचे एकच छायाचित्र असेल, तर ही माया चारही बाजूंनी सारखी जाते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. घोटाळा होतो तो कागदाच्या दोन पट्ट्या करताना. डाव्या पट्टीची डावी कड ही कागदाची कड. तेथे माया कापली जाते. तिची उजवी कड मात्र कागदाच्या मध्यावर येते. तेथे सुरीचा एकच काप बसतो आणि माया जात नाही. उजव्या पट्टीचे नेमके उलट. म्हणजे प्रत्येक पट्टीला एका बाजूने माया आहे आणि दुसऱ्या बाजूने नाही. शिंप्याने पोलक्याच्या एकाच बाजूला माया धरली, तर पुढचे बटण छातीच्या मधोमध कसे येणार?

आकड्यांत सांगायचे, तर १२४० बिंदूंचे निम्मे ६२०. आरेखन करणाऱ्याने या ६२० बिंदूंत चित्रे अगदी मध्यावर बसवली आणि दोन्ही बाजूंना ६० बिंदूंचा काठ सोडला. लॅपटॉपच्या पडद्यावर सारे तंतोतंत दिसते. छापल्यावर बाहेरच्या बाजूचे २० बिंदू जातात आणि तेथे ४० उरतात. आतल्या बाजूला ६० तसेच राहतात. बाहेरचा काठ सुमारे ३.४ मिलिमीटर आणि आतला ५.१. फरक पावणेदोन मिलिमीटरांच्या आत-बाहेर. पण दोन इंचांच्या पट्टीवर तो डोळ्यांत सलतो.

येथे बहुतेकांच्या हातून एकच चूक होते. समजा, निपाणीच्या एखाद्या कार्यालयात बूथ मांडलेल्या तरुणाला सायंकाळी हा दोष दिसला. त्याच्या हातात डावी पट्टी आहे. तिचा डावा काठ अरुंद आहे. तो लॅपटॉपवर सगळे आरेखन उचलून थोडे उजवीकडे सरकवतो. पुन्हा छापतो, डावी पट्टी पाहतो. दोन्ही काठ सव्वाचार मिलिमीटर झालेले असतात. तो निश्चिंत होतो. उजवी पट्टी तोवर पाहुणा घेऊन गेलेला असतो. त्या उजव्या पट्टीचा एक काठ आता जवळजवळ सहा मिलिमीटरांचा आणि दुसरा जेमतेम अडीचचा झालेला आहे! एका पट्टीचा दोष काढून तो दुसरीत दुप्पट भरला गेला. नंतर कोणी ती उजवी पट्टी त्याच्यापुढे धरली, की तो आरेखन डावीकडे ढकलतो आणि पहिली पट्टी बिघडवतो. असे दोन-तीनदा झाले, की यंत्रच वाईट असा निर्णय होतो आणि कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन जातो. यंत्र बिचारे सांगितले तेच करीत असते.

म्हणून पहिला नियम असा की, एकच पट्टी पाहून काही ठरवू नये. एकाच कागदाच्या दोन्ही पट्ट्या, ज्या क्रमाने बाहेर आल्या त्याच क्रमाने, टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि फूटपट्टीने दोन्हींचे चारही काठ मोजावेत. दोन पट्ट्या एकमेकींची आरशातील प्रतिमा दिसत असतील, म्हणजे दोहोंचा बाहेरचा काठ अरुंद आणि आतला रुंद असेल, तर दोष मायेचा आहे. दोन्हींचा काठ एकाच बाजूला अरुंद असेल, उदाहरणार्थ दोन्ही पट्ट्यांचा उजवा, तर सबंध चित्रच कागदावर सरकून बसले आहे. आणि पट्ट्यांची रुंदीच सारखी नसेल, एक ५०.८ मिलिमीटरांहून जास्त व दुसरी तेवढीच कमी असेल, तर मधला काप चुकतो आहे. तीन रोग आणि तिघांची तीन औषधे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर काय होते ते वर पाहिलेच.

मायेच्या दोषावर उपाय सोपा आहे. दोन्ही पट्ट्यांतील चित्रे मध्यरेषेकडे, म्हणजे एकमेकींच्या दिशेने, फरकाच्या निम्म्याने सरकवायची. वरच्या उदाहरणात फरक २० बिंदूंचा होता. तेव्हा डाव्या पट्टीतील चित्रे १० बिंदू उजवीकडे आणि उजव्या पट्टीतील १० बिंदू डावीकडे. मग बाहेरून २० कापले गेले, तरी दोन्ही बाजूंना ५० उरतात. लॅपटॉपच्या पडद्यावर हे आरेखन वाकडे दिसेल, दिसू द्यावे. पाहुण्याच्या हाती पडदा जात नाही, कागद जातो. काही प्रोग्रॅम एकाच पट्टीचे आरेखन घेऊन तिची दुसरी प्रत आपणच शेजारी ठेवतात. तेथे दोन पट्ट्या उलट दिशांना सरकवता येत नाहीत. अशा वेळी पट्टीचे आरेखन सोडून सबंध कागदाचे, प्रिंटरला लागणाऱ्या पूर्ण बिंदूंचे आरेखन करावे, हे बरे.

सबंध चित्र सरकलेले असेल, तरच सबंध आरेखन, किंवा छपाईच्या सेटिंगमधील ‘ऑफसेट’चा आकडा, फरकाच्या निम्म्याने उलट दिशेला हलवावा. पण त्याआधी रोल नीट बसला आहे का, हे पाहिले पाहिजे. कागद जर आत घसरत असेल, तर आज केलेली दुरुस्ती दहा प्रतींनंतर निरुपयोगी ठरते. चेहऱ्यांच्या कडांना लाल-निळी झाक दिसू लागली, तर तो घसरण्याचा पुरावा समजावा. कारण चार खेपांत कागद एकाच जागी परत येत नाही, असाच तिचा अर्थ. तेथे लॅपटॉपचा उपयोग नाही. रूळ पुसावे लागतात. काप चुकत असेल, तर दोन इंची कापाचा योग्य पर्याय निवडला आहे ना आणि कात्रणांचा खण तुडुंब भरून कागद अडत नाही ना, एवढे पाहून पुढचे काम कारागिरावर सोपवावे.

माया नक्की किती, हे पुस्तकातील आकड्यावरून मानून चालू नये. एक चाचणीचा कागद तयार करावा. त्याच्या चारही कडांपासून आत एकेका मिलिमीटरवर बारीक रेघा ओढून त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांनाही तसेच करावे. हा कागद छापून पट्ट्या कापल्या, की जी पहिली रेघ दिसते तिचा क्रमांक आणि तिच्यापलीकडे उरलेला कागद यांवरून त्या बाजूची माया कळते. दुसरी रेघ प्रथम दिसली आणि तिच्या बाहेर पाव मिलिमीटरभर कागद उरला असेल, तर पावणेदोन मिलिमीटर गेले. एका मिलिमीटरला सुमारे १२ बिंदू, एवढे गणित पाठ असले म्हणजे पुरे. नवा रोल चढवल्यावरची पहिली प्रत मोजू नये, तिसरी-चौथी मोजावी. आणि दोन प्रतींत अर्ध्या मिलिमीटराचा फरक येत राहिला, तर त्याच्यामागे लागण्यात रिबन संपेल, दुसरे काही होणार नाही.

काही जण याहून सोपा मार्ग म्हणून चित्राचे प्रमाणच कमी करतात, म्हणजे माया काढून टाकतात. पट्टीच्या कडेपर्यंत पांढराच काठ असेल, तर हे खपून जाते. काठ रंगीत असेल, तर मात्र दर पाच-दहा प्रतींमागे कोठेतरी तो पांढरा दोरा डोकावतो, आणि तो सरकलेल्या काठाहून वाईट दिसतो. आणखी एक सापळा असा की, प्रोग्रॅममधील ‘कागदाला बसवा’ ही आज्ञा आणि प्रिंटरचे स्वतःचे मोठे करणे, ही दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. मग एकाने केलेले दुसरा मोडतो आणि आकड्यांचा मेळ लागत नाही. दोघांपैकी एकाच्याच हाती कारभार द्यावा.

दोष मुळातच कमी दिसावा, असे आरेखन करणे हा खरा शहाणपणा. पण तेथे यजमानाची हौस आडवी येते. पट्टीच्या अगदी कडेने बारीक सोनेरी रेघ हवी, असा आग्रह बहुतेकांचा असतो. डोळा मिलिमीटर मोजत नाही, प्रमाण मोजतो. दोन मिलिमीटरांच्या काठात एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला, तर एक बाजू दुसरीच्या तिप्पट दिसते. आठ मिलिमीटरांच्या काठात तोच एक मिलिमीटर पचून जातो. म्हणून काठ एक तर भरघोस असावा, नाही तर नसावाच; पार्श्वभूमीचा रंग वा वेलबुट्टी थेट कडेबाहेर जाऊ द्यावी. कडेलगतची बारीक रेघ ही या पट्टीची शत्रू आहे, हे बूथवाल्याने आरेखन दाखवतानाच यजमानाला सांगितलेले बरे. लग्नाच्या रात्री सांगितले, तर ती सबब ठरते.

नावांची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि या सीमाभागात तर विशेषच. येथील पुष्कळ घरांचे सोयरसंबंध दोन्ही भाषांत पसरलेले असतात. मुलाकडचे मराठी बोलणारे, मुलीकडचे कन्नड. तेव्हा पट्टीच्या तळाशी एक ओळ देवनागरीत आणि तिच्याखाली एक ओळ कन्नड लिपीत येते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले असले, तरी मराठी ओळीत बेळगाव आणि कन्नड ओळीत बेळगावी अशीही पट्टी निघते, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते छपाईत. इंग्रजीची मोठी अक्षरे आपल्या दोन रेषांत शहाण्यासारखी बसतात. आपली अक्षरे तशी नाहीत. वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा वर्ण, ज्याला ओत्तक्षर म्हणतात, ओळीच्या खाली लटकतो. तळाची पावणेदोन-दोन मिलिमीटर माया कापली गेली, की प्रथम बळी पडतो तो या खालच्या चिन्हांचा. मंजुळाची मंजळा होते. इंग्रजी नमुन्यावरून घेतलेल्या तयार आरेखनात तळाशी जेवढी जागा सोडलेली असते, तेवढी आपल्या लिप्यांना पुरत नाही. नावाच्या सर्वांत खालच्या टोकापासून कागदाच्या कडेपर्यंत, माया वजा जाता, निदान चार-पाच मिलिमीटर राहतील, असे पाहावे. जागा नसेल, तर छायाचित्रे थोडी लहान करावीत. चेहरा दोन मिलिमीटरांनी लहान झाल्याची तक्रार कोणी करीत नाही; नाव चुकले, तर घरातली थोरली माणसे ते वर्षानुवर्षे बोलून दाखवतात.

हाच दोष स्टुडिओतील पासपोर्ट छायाचित्रांत वेगळे रूप घेतो. आपल्याकडे रूढ असलेला आकार ३५ मिलिमीटर रुंद व ४५ उंच. चार बाय सहाच्या, म्हणजे सुमारे १०२ बाय १५२ मिलिमीटरांच्या कागदावर अशी आठ छायाचित्रे बसतात: आडवी चार, म्हणजे १४० मिलिमीटर, उभी दोन, म्हणजे ९०. काठाचे सोयरसुतक येथे कोणाला नसते, कारण ते हाताने कटरवर कापायचे असतात. परंतु १२०० बिंदूंचे चित्र प्रिंटरने मायेसाठी १२४० पर्यंत ताणले, की ३५ चे ३६ च्या वर आणि ४५ चे ४६ च्या वर जातात. कापणारा मग मापाला कापतो आणि डोक्यावरची मोकळी जागा किंवा हनुवटीखालचा भाग छाटला जातो. साध्या शाईच्या प्रिंटरवर ‘बिनकाठी छपाई’ निवडली, तरी चित्र असेच मोठे होते. तेथे किती मोठे करायचे, याची सेटिंग बहुधा असते आणि ती सर्वांत कमीवर ठेवावी. अर्ज परत आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा निपाणीहून बेळगावला खेप घालावी लागते, तेव्हा एका मिलिमीटराची किंमत त्याला कळते. कापण्यापूर्वी एक छायाचित्र फूटपट्टीने मोजायला पाव मिनिट पुरते.

बूथवाल्याने पाहुणे येण्यापूर्वी अर्धा तास हाताशी ठेवावा. पडदा टांगण्याआधी प्रिंटर स्थिर टेबलावर ठेवून चाचणीचा कागद छापावा, चारही काठ मोजून आकडे लिहावेत, मग प्रत्यक्ष नावांची एक प्रत काढून तिच्या दोन्ही पट्ट्या घरच्या जाणत्या माणसाच्या हाती द्याव्यात आणि नावे वाचून घ्यावीत. डावीकडे किती, उजवीकडे किती, वर-खाली किती, हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती प्रिंटरच्या झाकणावर चिकटवावी. लॅपटॉप बदलला, प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने घातला किंवा दुसऱ्या जातीचा रोल चढवला, की जुनी चिठ्ठी काढून टाकावी आणि पुन्हा मोजावे.